ज्या पाण्याचं त्या पाण्यात

टाकी पाडली हे मला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण? आई-बाबा दोघंही गेले, भाऊ पुण्याला, आणि गावात आता आमचं असं मैनाकाकींखेरीज कुणी उरलेलं नाही. मालेगाव मागे टाकून शेलूबाजारच्या रस्त्याला लागलं की एका चढावरून आमच्या गावाची पाण्याची टाकी दिसायची. गाव नंतर, आधी टाकी. एसटीत पेंगणारी माणसं ती दिसली की पिशव्या आवरायला घ्यायची. या खेपेला चढ आला आणि गेला, आभाळ मोकळंच होतं. मला वाटलं रस्ता नवा झालाय, चढच कापला असेल. गावात शिरल्यावर टाकीच्या जागी नुसता चौथरा दिसला आणि त्यावर कुणीतरी उडीद वाळत घातलेला. मी गाडी थांबवली नाही. वाईट वाटलं का, तर फारसं नाही. दात पडल्यावर जीभ उगाच त्या जागेवर जाऊन येते, तेवढंच.

आता गल्लीतून निळे पाईप गेलेत. प्रत्येक दारात एक मीटर आहे, डोळ्याएवढ्या काचेचं. पाणी कुठल्याशा लांबच्या मोठ्या धरणातून, यंत्रात गाळून, शुद्ध होऊन येतं. कधी येणार याचा निरोप आदल्या दिवशी मोबाइलवर येतो. कुठून येतं हे मी गल्लीतल्या दोघा-तिघांना विचारून पाहिलं. त्यांनी तीन वेगवेगळी नावं सांगितली आणि तिघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

माझे बाबा त्या पाडलेल्या टाकीचे चावीवाले होते. कागदावर त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण गाव त्यांना नळवाले भाऊ म्हणायचं. सकाळी सहाच्या आत सायकलवरून धरणावर जायचं, मोटार सुरू करायची, तिथल्या हौदातलं पाणी टाकीत चढवायचं आणि मग गावात येऊन एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह पाळीपाळीनं उघडायचा. चावी म्हणजे कमरेएवढी लोखंडी सळई, वर आडवी मूठ. ती सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधलेली असायची आणि खड्ड्याखड्ड्याला खणखण वाजायची. बाबा कुठल्या गल्लीत आहेत ते आम्हाला घरात बसून कळायचं. रस्त्यातलं झाकण उचललं की खालून ओल्या विटेचा, गंजाचा आणि बेडकाचा वास यायचा. बाबा चावी आत सोडायचे, दोन्ही हातांनी मूठ धरून अंगाचा भार टाकायचे, आणि मग पायाखाली कुठंतरी पाणी सरकल्याचा आवाज व्हायचा. तो आवाज जमिनीतून तळपायाला कळायचा, कानाला नाही.

आमच्या गावात ऋतू नळावरून मोजले जायचे. थंडीत पाणी दिवसाआड. होळी झाली की चार दिवसांनी. चैत्र-वैशाखात आठ दिवसांनी, कधी दहा. पाणी आलं असं कुणी म्हणत नसे, नळ आले म्हणत, पाहुणे आल्यासारखे. येण्याआधी नळ खोकायचा. आधी हवा यायची फुसफुसत, मग थोडं तांबडं पाणी, मग पुन्हा हवा. नळ रस्त्यापेक्षा खाली, खड्ड्यात असायचे, कारण जोर कमी. जेवढं खाली उतराल तेवढी धार मोठी. दर उन्हाळ्यात कुणीतरी आपला खड्डा वीतभर खोल करायचं, मग शेजारी दीड वीत. आमच्या खड्ड्याला शेवटी पाच पायऱ्या झाल्या होत्या. आई त्यात उतरली की वरून नुसता अंबाडा दिसायचा, आणि एकेक गुंड, म्हणजे पितळी हंडा, वर यायचा, काठोकाठ भरलेला, थंड, ब्लीचिंग पावडरच्या वासाचा. तो वास मला अजून आवडतो. माझ्या मुलीला तो दवाखान्याचा वाटतो.

नळाचा खोकला ऐकू आला की गल्लीतल्या बायका पहिलं काम कोणतं करायच्या, तर घरातलं उरलेलं पाणी फेकून द्यायच्या. आठ दिवस थेंब थेंब पुरवलेलं, भांडी राखेनं घासून कपड्यानं पुसून वाचवलेलं पाणी. नळ आले म्हणजे ते शिळं झालं. बाबा कपाळाला हात लावायचे. "अवं, सकाळी तं हेच पाणी पेलो ना आपण? आता काहून शिळं झालं?" आई म्हणायची, "तवा ताजं नव्हतं." दोनदा तरी असं झालं की सगळ्या गल्लीनं पाणी ओतून भांडी लख्ख घासली आणि नळानं नुसती हवा सोडली. त्या दिवशी बाबा मागच्या दारानं घरी आले.

मैनाकाकींचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. पुढं किराणा दुकान, मागं राहणं. काकांचा चेहरा मला नीट आठवत नाही, दुकानाचा वास आठवतो: गूळ, सुकं खोबरं आणि रॉकेल, एकात एक मिसळलेले. घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवणं, कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. आमच्या घरातून तळणाचा वास गेला की काकी खिडकी लावून घेत, पण रागानं नाही, आपण ऊन आलं की लावतो तशी.

काकींकडे पाणी कधीच फेकलं जात नसे. शिळंही नाही, ताजंही नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या हातात जाड सुती कापडाची दुहेरी घडी दिली होती, गाळणं. पिण्या-रांधण्याचं पाणी त्यातून गाळायचं हे तर बऱ्याच घरांत होतं. काकींचं काम त्यानंतर सुरू व्हायचं. गाळणं उलटं करून एका पितळी लोटीवर धरायचं आणि वरून गाळलेलं पाणी हळूहळू सोडायचं, म्हणजे कापडात अडकलेलं सगळं लोटीत उतरतं. डोळ्यांना काही दिसत नाही. पण त्यात जीव असतात, बारीक, आपल्याला न दिसणारे. त्या लोटीतल्या पाण्याला काकी जिवाणी म्हणत. ती जिवाणी जिथून पाणी आणलं तिथंच परत सोडायची. विहिरीचं विहिरीत, नदीचं नदीत. एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाहीत. "आपल्या एका घोटासाठी त्याईले घरातून उचलून आणलं," त्या मला सांगायच्या, "तं निदान घरी पोचवून तं द्या. ज्या पाण्याचं त्या पाण्यात." हा नेम त्यांनी जन्मभरासाठी घेतला होता. दुसऱ्या बायका सोन्याचं सांगतात, मुलांच्या नोकऱ्यांचं सांगतात. काकींना मूल नव्हतं आणि सोन्याची हौस नव्हती. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं एवढंच होतं की आपली एकही लोटी आजवर चुकली नाही.

गल्लीच्या टोकाला विहीर होती तोवर यात अवघड काही नव्हतं. त्यांच्याजवळ एक छोटी बादली होती, बुडाला कडी असलेली. ती दोराला बांधून पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची आणि मग हलका झटका द्यायचा. बादली कलंडायची आणि जिवाणी पाण्यात पाण्यासारखी मिसळून जायची. वरून ओतायचं नाही, जीव आपटतात. मग विहीर आटली, पुढं नासली, आणि घरोघर नळ आले. नळात पाणी उलटं कसं घालणार? गावातल्या बाकीच्या जैनांनी हळूहळू तो भाग सोडून दिला, कुणी झाडाला घालू लागलं, कुणी मोरीत. काकींनी महाराजांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नळाचं पाणीच घेऊ नको म्हणाले असते, असं त्यांनी आईला नंतर सांगितलं. त्यांनी बाबांना विचारलं.

"भाऊ, तुमी रोज धरणावर जाता ना?"

"जातो ना, वयनी."

"मंग माही एक लोटी नेत जाल?"

बाबांनी आधी सगळं ऐकून घेतलं. कशी धरायची, कशी सोडायची, काय करायचं नाही. साहेबाचा हुकूम ऐकतात तसे उभे राहून. दुसऱ्या दिवसापासून पितळी लोटी, वर ओलं फडकं बांधलेली, सकाळी सहाच्या आत काकींच्या ओट्यावर असायची, आणि दुपारी रिकामी होऊन त्यांच्या खिडकीच्या गजाला टांगलेली. वर्षानुवर्षं. पावसात बाबांना छत्री धरता यायची नाही, कारण एका हातात लोटी असायची. आई म्हणायची, "धरणात मासे हायेत. ते खाऊन घेतील तिचे जीव." बाबा म्हणायचे, "ते माशाचं अन् त्याईचं. आपलं काम पोचवाचं."

रविवारी आणि सुट्टीत मी कॅरिअरवर बसून बरोबर जायचे. धरणाचा रस्ता पऱ्हाटीतून, कपाशीच्या शेतांतून, जायचा. सकाळी दव पडलेल्या पऱ्हाटीला एक हिरवट वास असतो, तो बोटांना चिकटल्यासारखा वाटतो. पंपघरात ऑइलचा वास, भिंतीवर तेलकट हात, आणि मोटार सुरू झाली की खिडकीची काच थरथरायची. पण बाबा आधी मोटार सुरू करत नसत. आधी घाटाच्या पायरीवर चपला काढायचे, उकिडवे बसायचे, लोटी गळ्यापर्यंत पाण्यात बुडवायचे आणि मग तिरपी करायचे. थोडा वेळ तशीच धरून ठेवायचे. एरवी माझे बाबा देवधर्मातले नव्हते, आईच्या उपासांची थट्टा करायचे. पण लोटी धरली की त्यांचा चेहरा नळाचं बारीक काम करताना व्हायचा तसा व्हायचा. बंधाऱ्यावर एक खंड्या बसलेला असायचा, तो आम्हाला ओळखायचा असं मला वाटायचं. ओळखत नसणार.

मग तो उन्हाळा आला. मी सातवीतून आठवीत गेले होते. पाणी दहा दिवसांवर गेलं, मग पुन्हा बरं यायला लागलं, सातव्या दिवशी, चांगल्या धारेनं. आईला नवल वाटलं. मला सुट्टी होती, एक दिवस बाबांच्या मागं बसून गेले. धरणात पाणी म्हणावं असं काही नव्हतं. काळ्या गाळाला भेगा पडलेल्या, एवढ्या रुंद की माझा पाय मावला असता. उघडे पडलेले शिंपले, मेलेल्या माशांचा वास, आणि पार मध्यभागी एक हिरवं डबकं. पंपघराच्या मागं दोन टँकर उभे होते. जाड पाईपमधून ते हौदात पाणी ओतत होते, आणि बाबांनी मोटार सुरू केल्यावर तेच पाणी टाकीत चढत होतं. टँकरवाल्याला मी विचारलं, कुठून आणता? तो म्हणाला, पाटलाच्या विहिरीवरून, शेलूबाजारच्या रस्त्यावर, आंब्याखालून. गावाला त्याचा पत्ता नव्हता. बाबांना वरून न सांगण्याचा निरोप होता की काय, ते मला कधी कळलं नाही.

बाबांनी लोटी उचलली. त्या भेगांवरून चालत ते मधल्या डबक्यापर्यंत गेले, चिखलात उकिडवे बसले आणि नेहमीसारखी ती पाण्यात बुडवून तिरपी केली. परत आले तेव्हा पोटऱ्यांपर्यंत गाळ होता. मी म्हटलं, "बाबा, पण हे पाणी तं विहिरीचं हाय ना?"

"चाल, बस मागं," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात संध्याकाळी काकी आमच्या ओट्यावर आल्या. त्या सहसा येत नसत. "भाऊ, चार दिवसांपासून डाळ शिजून नाई राह्यली," त्या म्हणाल्या. "पाणी जड लागून राह्यलं. धरणाचंच हाय ना?"

बाबा सायकलची चेन पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "धरणाचंच हाय, वयनी. तळाचं पाणी हाय, म्हणून जड लागते."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. "तू गेलती ना पोरी धरणावर? हाय ना पाणी?"

"हाय," मी म्हटलं. डबकं होतंच, म्हणजे खोटं नव्हतं, असा हिशेब मी त्या वयात केला आणि पुढं पुष्कळ वर्षं तोच चालवला.

पाऊस येईपर्यंत, दीड-दोन महिने, बाबा रोज ती लोटी त्या गाळातून चालत नेत राहिले आणि विहिरीचे जीव धरणाच्या डबक्यात सोडत राहिले. पाटलाची विहीर तर जवळ होती, दुसऱ्या दिशेला, सायकलनं वीस मिनिटं. तिथं का नेली नाही? काकींना का सांगितलं नाही? बाबांना मी हे कधी विचारलं नाही. सांगितलं असतं तर गावभर झालं असतं म्हणून असेल. दोन फेऱ्या झेपल्या नसत्या म्हणून असेल. किंवा काकी पाणी प्यायचंच बंद करतील या भीतीनं असेल. माणसाच्या मनात एका वेळी तिन्ही असू शकतात. मला एवढंच आठवतं की त्या उन्हाळ्यात खिडकीच्या गजाला लोटी टांगताना बाबा तिचा आवाज होऊ देत नसत.

पुढं धरण भरलं. वर्षं गेली. बाबा निवृत्त झाले तोवर गल्लीतली जुनी विहीर पोरांनी उपसून साफ केली होती, तिला पाणी लागलं होतं. काकी पुन्हा विहिरीवर गेल्या. नेम जुळून आला. मी लग्न होऊन अकोल्याला गेले, केनवडच्या मामांकडे येता-जाता कधी गावात थांबायचे. काका गेले, दुकान पुतण्यानं चालवायला घेतलं, आणि काकींचे केस पांढरे होऊन मग विरळ झाले.

पर्युषण संपलं की जैनांत एकमेकांची क्षमा मागायची रीत आहे. वर्षभरात कळत-नकळत जे दुखावलं असेल त्यासाठी. काकी मला दरवर्षी फोन करायच्या, ठरलेलं वाक्य म्हणायच्या, मी "काकी, तुमी काहून मांगता?" म्हणायचे, आणि ते तिथं संपायचं. या वर्षी त्या म्हणाल्या, "यंदा समोर ये. पंच्याऐंशी झाले मले. पुढच्या सालचा काही भरवसा नाई." म्हणून मी आले होते, आणि म्हणून टाकी नसलेली दिसली.

काकी खाटेवर बसल्या होत्या. आजूबाजूला पुतण्याची सून आणि कारंज्याहून आलेल्या त्यांच्या दोन भाच्या. मला पाहून काकींनी हात जोडले, वर्षाचं वाक्य म्हटलं. मग भाच्यांकडे वळून माझी ओळख करून दिली. "ही नळवाल्या भाऊची पोरगी. हिच्या बापाच्या पुण्याईनं माही एकबी लोटी चुकली नाई. जन्मात एकबी नाई." भाच्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. सुनेनं चहा ठेवला. काकी हसत होत्या, आणि त्या हसण्यात असं काही भरलेपण होतं की मला बसवेना.

मी अशी माणूस नाही. जुनं उकरून काढणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. गप्प बसले असते तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. बाबा गेलेले, काकी सुखानं त्याच समजुतीत गेल्या असत्या. पण त्या दिवशी सकाळपासून एक माणूस माझी माफी मागायला बसलं होतं, आणि माफी मागण्यासारखं जे होतं ते माझ्याजवळ होतं. भाच्या आत गेल्यावर मी खाटेजवळ सरकले.

"काकी, मलेबी एक सांगाचं हाय."

मी सगळं सांगितलं. टँकर, विहीर, डबकं, डाळ. बाबा काय म्हणाले आणि मी काय म्हणाले. काकींनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. त्यांचा हात चादरीच्या काठावर होता, तो तिथंच राहिला.

"कोणाची विहीर?" त्यांनी विचारलं.

"पाटलाची. शेलूबाजारच्या रस्त्यावरची."

"अन् किती दिवस?"

"पाऊस पडेलोक. दोन महिने असतील."

"रोज," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हटलं. आत भाच्या कशाला तरी हसल्या. "मी आताच त्या पोरीइले सांगतलं, एकबी चुकली नाई. साऱ्या जन्मात हेच सांगत आली मी लोकाले."

मला त्या वेळी खरोखर लाज वाटली. मी म्हटलं, "काकी, माफ करा. बाबाले अन् मले."

"मले काहून मांगते?" काकी म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. "माहं काय गेलं? मी तं आपलं पाणी पेली अन् झोपली. ज्याईचं घर गेलं त्याईले मांग." मग त्यांनी पाय खाली सोडले आणि चपला शोधू लागल्या. "गाडी आणली ना तू?"

सुनेनं विरोध केला, उन्हाचं कुठं जाता म्हणून. काकींनी ऐकलं नाही. मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. रस्त्यात दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, आणि मधूनच तुरीचे हिरवे पट्टे. काकी खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाबांबद्दल त्या काहीतरी बोलतील, चांगलं किंवा वाईट, याची मी वाट पाहत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "गाळातून चालत गेले ना रोज? मंग नेम तं त्याईनं पाळला. पाणी चुकलं." नंतर काही वेळानं, "अन् खोटं बोलले."

पाटलाच्या विहिरीवरचा आंबा आता नाही. बुंध्याचा थोडा जळका भाग उरलाय. विहीर आहे, पण तिच्यावर सिमेंटची फरशी टाकून मधे लोखंडी झाकण बसवलंय, आणि फटीतून मोटारीचा पाईप बाहेर आलाय. शेतात कुणी नव्हतं. मी झाकण उचलून पाहिलं, ते बोल्टनं आवळलेलं होतं. नुसती बोटभर फट. आतून गार हवा आली. काकी माझ्या खांद्याचा आधार घेऊन हळूहळू फरशीवर बसल्या, आणि हात जोडून त्यांनी फटीजवळ तोंड नेलं. त्यांचं वाक्य मला पाठ आहे, दरवर्षी फोनवर ऐकलेलं. पण या वेळी त्यांनी ते वाक्य म्हटलं नाही. "तुमाले परक्या ठिकाणी नेऊन सोडलं," त्या म्हणाल्या. "मले माहीत नव्हतं. माहीत करून घ्याले पाह्यजे होतं. डाळ शिजत नव्हती, तवाच समजाले पाह्यजे होतं. क्षमा करा."

मग त्या बाजूला सरकल्या.

"आता तू."

"तुमी म्हटलं ना काकी, बाबाचंबी आलं त्यात."

"तुह्या बापाचं मी कशी म्हणू?" त्या म्हणाल्या. "मी त्याची कोण? त्याचं तू म्हण. अन् तुहं तू."

ऊन डोक्यावर होतं. रस्त्यावरून एक जीप गेली, मागं उभ्या माणसांनी वळून पाहिलं. एक म्हातारी आणि एक पन्नाशीची बाई, शेतात, एका लोखंडी झाकणापुढं बसलेल्या. बाबा गेले तेव्हा मी सगळं नीट केलं होतं. माणसं सांभाळली, कागद सांभाळले, दहाव्या दिवशी कावळा शिवेना तेव्हा गमतीत काहीतरी बोललेही होते. रडले नव्हते. ज्यांना डोळ्यांनी कधी पाहिलं नाही अशांशी काय बोलायचं, मला सुचेना. आणि सुचलं ते माझ्या रोजच्या बोलीत नव्हतं, अकोल्याला गेल्यापासून जी मी काकींखेरीज कुणाशी बोलत नाही त्या बोलीत होतं.

"माह्या बाबाचं चुकलं," मी फटीजवळ म्हटलं. "माहंबी चुकलं. तुमी तिथं डबक्यात कसे राह्यले असान, आमी इचार केला नाई. माफ करजा."

काकी ऐकत होत्या, मान तिरपी करून. मला वाटलं, झालं. मी उठायला लागले तर त्यांनी माझ्या पदराला धरून खाली बसवलं.

"हळू बोलली तू," त्या म्हणाल्या. "पाणी लय खोल गेलं आता. पुन्हा म्हण."

मी दोन्ही हात झाकणावर टेकले आणि पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, आधी बाबांचं नाव घेऊन. नावाच्या पुढं मला बराच वेळ जाता आलं नाही. काकींनी घाई केली नाही.